विश्लेषण : पाऊस-वारा बदलला, भिंतीला भेग पडली, जबाबदार निसर्ग की नकाशावर सही करणारा?

अमरावती-अकोल्यात घर बांधायला काढले की नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात. ‘पाया मुरमापर्यंत नेला का?’ आणि ‘स्क्वेअर फुटाला काय भाव पडला?’ तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. नकाशावर आणि स्लॅबच्या डिझाइनवर सही कोणाची आहे आणि उद्या काही बिनसले तर उत्तर कोण देणार? तासाभरात कोसळणारा पाऊस, एप्रिलमधली वादळे आणि ४५ अंशांपुढचे ऊन यामुळे हा तिसरा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनीअर आणि घरमालक या तिघांसाठीही तो महत्त्वाचा आहे. तो का, हे समजून घेऊ.

पारसच्या दुर्घटनेची आठवण कशासाठी?

९ एप्रिल २०२३, रविवार. अकोला जिल्ह्यातील बाळापूर तालुक्यात पारस येथे बाबूजी महाराज मंदिरात भाविक आरतीसाठी जमले होते. वादळी पाऊस सुरू झाला म्हणून अनेक जण टिनाच्या शेडखाली थांबले. कडुनिंबाचे मोठे झाड त्या शेडवर कोसळले आणि सात जणांचा मृत्यू झाला.

झाड वादळाने पडले. त्या घटनेत दोष कोणाचा होता, हा या लेखाचा विषय नाही. मुद्दा वेगळा आहे. डोक्यावर छप्पर दिसले की माणूस विश्वासाने त्याखाली उभा राहतो. ते छप्पर किती वाऱ्याला टिकेल, शेजारी मोठे झाड असेल तर शेड कुठे घ्यायची, याचा आधी विचार करणे हे कोणाचे तरी काम असते. गावोगावच्या मंदिरे, मंगल कार्यालये, गोदामे यांच्या शेडबाबत अनेकदा हे काम कोणी केलेलेच नसते. फॅब्रिकेटर अनुभवाने पाइपची जाडी ठरवतो आणि पत्रे चढतात. ज्या बांधकामाला रीतसर डिझाइन असते, तिथे मात्र हा विचार केला होता का, याचे उत्तर सही करणाऱ्याला द्यावे लागते.

हवामानात नेमके काय बदलले?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१७ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भूभागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असे त्यात दिसून आले. विशेष म्हणजे याच काळात मोसमी पावसाचे एकूण प्रमाण मात्र वाढलेले नाही. म्हणजे पाऊस तेवढाच किंवा थोडा कमी, पण तो कमी दिवसांत आणि जोरात.

अकोलेकरांनी हे जुलै २०२१ मध्ये अनुभवले. एका रात्रीच्या मुसळधार पावसाने मोर्णा नदीला पूर आला आणि काठावरच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. उन्हाचेही तसेच. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांपुढे गेल्यावर अकोला जिल्हा प्रशासनाने महिनाअखेरपर्यंत जमावबंदीचे १४४ कलम लागू केले. उष्णतेसाठी हे कलम वापरावे लागणे हीच बातमी ठरली होती.

बांधकामाच्या दृष्टीने या दोन्हींचा अर्थ काय? भारतीय मानक ‘आयएस ७८६१’ नुसार हवेचे तापमान ४० अंशांपुढे असताना केलेले काँक्रीटचे काम ‘उष्ण हवामानातील काम’ ठरते आणि ओतताना काँक्रीटचे तापमान ४० अंशांपेक्षा जास्त असू नये, अशी अपेक्षा असते. अकोल्यात मे महिन्यातल्या दुपारी भरलेला जवळपास प्रत्येक स्लॅब या व्याख्येत बसतो. भर उन्हात स्लॅब टाकला की वरचे पाणी झपाट्याने उडते, पृष्ठभागावर केसासारख्या भेगा पडतात आणि ऐन पाणीटंचाईत पाणी मारायला टँकर मिळत नाही. त्या भेगांतून पुढे पावसाचे पाणी सळईपर्यंत पोहोचते. स्लॅब पहाटे किंवा रात्री टाका, ओले गोणपाट घाला, आळी करून पाणी साठवा, या सूचना नकाशासोबत लेखी दिल्या होत्या का, हा प्रश्न तीन वर्षांनी गळती लागल्यावर विचारला जातो.

वऱ्हाडातली जमीन हा वेगळा धोका कसा?

वऱ्हाडची काळी माती कपाशीला चांगली, पायाला वाईट. या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज असते. ते पाणी शोषले की फुगते, वाळले की आकसते. म्हणूनच उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतातली भेग पहिल्या पावसात बुजते, घराच्या भिंतीतली बुजत नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर जाणारी भेग ही काळ्या मातीवरच्या घरांची ओळखच झाली आहे.

साधारणपणे साडेतीन मीटर खोलीनंतर मातीची ही हालचाल नगण्य होते, असे मानले जाते. म्हणून मुरमापर्यंत पाया नेण्याची वऱ्हाडी रीत शास्त्राला धरूनच आहे. मुरूम फार खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने (सीबीआरआय) विकसित केलेला ‘अंडर-रीम्ड पाइल’, म्हणजे तळाशी गड्ड्यासारखा फुगवटा असलेला खांब, हा पर्याय आहे. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर मध्ये घालून फुगवटा रोखण्याची पद्धत मांडली होती. उपाय जुने आहेत. ते कुठे आणि किती लागू करायचे, हे ठरवणे आता अवघड होत आहे.

कारण माती फुगण्या-आकसण्याचा जोर ओल आणि कोरड यांच्या फरकावर असतो. ऐन पावसाळ्यात तीन आठवडे उघडीप आणि मग एका रात्रीत धो-धो पाऊस, असे झाले की घराच्या एका बाजूची माती ओली आणि दुसऱ्या बाजूची कोरडी राहते. गच्चीचा पाइप पायालगतच सोडलेला असेल तर आणखी वाईट. घर एका कोपऱ्याने उचलले जाते. अमरावती शहराच्या पूर्वेला वडाळी-पोहऱ्याच्या टेकड्यांकडे मुरूम लवकर लागतो. दर्यापूर-भातकुलीकडे काळ्या मातीचा थर खोल जातो. एकच नकाशा, एकच ठेकेदार आणि तेच फुटिंग दोन्हीकडे वापरले तर एक घर सरळ उभे राहील आणि दुसरे भेगाळेल.

त्यात खारपाणपट्ट्याची भर. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यातील ८९४ गावे या पट्ट्यात मोडतात. इथले भूजल खारे आहे. ‘आयएस ४५६’ या मानकानुसार सळई घातलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असायला हवे. पाऊस लांबला, टँकर महागला आणि ठेकेदाराने बोअरचे पाणी वापरले, तर सळई आतून गंजायला लागते. बाहेरून काही वर्षे काहीच दिसत नाही. मग एक दिवस कॉलमचे प्लास्टर फुगते.

नियमांतले आकडे जुने पडतात का?

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षी शिकलेली एक कल्पना इथे आठवावी लागेल : ‘परतीचा काळ’, म्हणजेच ‘रिटर्न पीरियड’. नदीकाठच्या ‘निळ्या पूररेषे’मागे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचा हिशेब असतो, ‘लाल पूररेषे’मागे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचा. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत (यूडीसीपीआर, डिसेंबर २०२० पासून लागू) निळ्या रेषेच्या आत बांधकामाला जवळपास बंदी आणि दोन रेषांच्या मधल्या भागात अटींसह परवानगी आहे.

‘२५ वर्षांतून एकदा’ म्हणजे २५ वर्षे निश्चिंत, असा समज करून घेऊ नका. त्याचा अर्थ दर वर्षी चार टक्के शक्यता. २० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता ५६ टक्के होते. १०० वर्षांच्या पुराची हीच शक्यता १८ टक्के. हे गणित हवामान स्थिर आहे असे धरून. समजा, आधी १०० वर्षांतून एकदा येणारी घटना आता ५० वर्षांतून एकदा येऊ लागली, तर इमारतीच्या ५० वर्षांच्या आयुष्यात ती येण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांवरून ६४ टक्क्यांवर जाते. नकाशा तोच, सही तीच, पण जोखीम दीडपट.

शिवाय सगळेच आकाशातून येत नाही. एक एकराच्या मोकळ्या वावरावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे दोन लाख लिटर पाणी जमा होते. जमीन बरेचसे जिरवते. त्यातले ३० टक्के वाहून गेले असे धरले तर ६० हजार लिटर. त्याच वावरात लेआउट पडले, सिमेंटचे रस्ते आणि फरशीची अंगणे झाली आणि ९० टक्के पाणी वाहू लागले तर एक लाख ८० हजार लिटर. पाऊस तोच, नाल्यावरचा भार तिप्पट. अमरावतीचा अंबा नाला असो की अकोल्याची मोर्णा, काठावरची प्रत्येक नवी फरशी त्यात आपला वाटा टाकते. म्हणजे ‘पाऊस फार झाला’ या वाक्यात डिझाइन करणाऱ्याचाही काही भाग असतो.

घाटकोपर आणि मालवणने काय शिकवले?

मानकातला आकडा न्यायालयीन लढाईत कसा वजनदार ठरतो, हे १३ मे २०२४ च्या घाटकोपर दुर्घटनेतून दिसते. वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर महाकाय जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांच्या अहवालानुसार हा फलक ताशी ४९ किलोमीटरच्या वाऱ्यापुरताच टिकू शकत होता. मानकानुसार तो १५८ किलोमीटरच्या वाऱ्यासाठी हवा होता. त्या दिवशी वाऱ्याचा वेग सुमारे ८७ किलोमीटर होता.

हे तीन आकडे शेजारी ठेवून पाहा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८७ चा वारा ४९ च्या वाऱ्यापेक्षा तिपटीहून जास्त दाब देतो आणि १५८ चा वारा दहापट. वारा असामान्य वाटला, तरी मानकाने सांगितलेल्या वेगाच्या जवळपास निम्माच होता. इथे ‘निसर्गाचा कोप’ म्हणायला फारशी जागा उरत नाही. फलकाच्या मजबुतीचे प्रमाणपत्र देणाऱ्या अभियंत्यालाही या प्रकरणात अटक झाली.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. सुरुवातीला ताशी ४५ किलोमीटरच्या वाऱ्याचे कारण पुढे आले. नंतर चौकशी समितीने गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंगकडे बोट दाखवले. शिल्पकारासोबत स्ट्रक्चरल सल्लागारालाही अटक झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने सल्लागाराला जामीन दिला. तेव्हा त्याचा अहवाल पुतळ्याचा नव्हे तर चबुतऱ्याचा होता, ही बाब महत्त्वाची ठरली. वऱ्हाडातल्या प्रत्येक सल्लागाराने हा धडा लक्षात ठेवावा. आपण कशावर सही केली आणि कशावर केली नाही, हे कागदावर स्पष्ट असले पाहिजे.

‘दैवी आपत्ती’ हा बचाव टिकतो का?

कायद्यात ‘अॅक्ट ऑफ गॉड’ हा बचाव आहे, पण त्याच्या अटी कडक आहेत. घटना नैसर्गिक असणे पुरेसे नाही. ती आधी कळण्यासारखी नव्हती आणि योग्य काळजी घेऊनही टळली नसती, हे दाखवावे लागते. गुजरातमधील एका धरणातून सोडलेल्या पाण्याने शेतजमिनींचे नुकसान झाले, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये (व्होरा सादिकभाई विरुद्ध गुजरात राज्य) सरकारचा असा बचाव मान्य केला नाही.

व्यावसायिकांच्या निष्काळजीपणाचे मोजमाप सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात मांडले. खटला डॉक्टरांचा होता, पण विशेष कौशल्य सांगणाऱ्या व्यावसायिकांमध्ये न्यायालयाने वकील आणि आर्किटेक्ट यांचाही उल्लेख केला. कसोटी अशी : त्या व्यवसायातल्या सर्वसाधारण सक्षम माणसाने जेवढे कौशल्य आणि काळजी वापरली असती, तेवढी वापरली का? सर्वांत हुशार असण्याची अपेक्षा नाही. पण इतरांना जे माहीत आहे ते माहीत असण्याची आहे.

हवामान बदलाने जोखीम वाढते ती नेमकी इथे. अतिवृष्टी वाढते आहे, हे हवामानशास्त्रज्ञ उघडपणे सांगतात, वर्तमानपत्रे छापतात, प्रशासन त्यासाठी आदेश काढते. मग ‘असा पाऊस येईल, हे आम्हाला कळणे शक्य नव्हते’ हे वाक्य वर्षागणिक दुबळे होत जाते. जेवढी माहिती वाढते, तेवढा बचाव घटतो.

कायद्याने कोणाची जबाबदारी, किती वर्षे?

फ्लॅट घेणाऱ्यासाठी चित्र बरेच स्पष्ट आहे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत इमारतीच्या सांगाड्यात किंवा कामाच्या दर्जात दोष दिसला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. याच कायद्यात पूर, दुष्काळ, वादळ यांचा उल्लेख ‘फोर्स मेजर’ म्हणून आहे. पण तो प्रकल्पाच्या नोंदणीची मुदत वाढवून घेण्यासाठी. दोष झाकण्यासाठी नाही.

वऱ्हाडात मात्र अजूनही अनेक जण प्लॉट घेऊन स्वतःच घर बांधतात. तिथे रेरा लागू होत नाही. अशा घरमालकाला ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालयाचा रस्ता असतो. ग्राहक आयोगात तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावे लागते.

आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर आहे. कौन्सिलच्या मार्गदर्शक अटींमध्ये आर्किटेक्टची जबाबदारी काम पूर्ण झाल्यानंतर तीन वर्षांपर्यंत आणि मिळालेल्या फीपुरती मर्यादित ठेवलेली आहे. सिव्हिल इंजिनीअरसाठी असा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. त्याची नोंदणी महापालिका किंवा नगरपालिकेकडे होते. फीची मर्यादा मात्र ग्राहक आणि व्यावसायिक यांच्या करारातली. कोणाचा जीव गेला तर प्रकरण फौजदारी होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ कलमात ती दोन वर्षांपर्यंत होती.

जुन्या इमारतींचे काय? अमरावतीत प्रभात चौक परिसरातील जीर्ण इमारत ३० ऑक्टोबर २०२२ रोजी कोसळून पाच जणांचा मृत्यू झाला. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतीला संरचनात्मक मजबुतीचे प्रमाणपत्र आवश्यक आहे. हे प्रमाणपत्र देणारा अभियंता दुसऱ्याने बांधलेल्या इमारतीची जोखीम आपल्या सहीवर घेतो. मूळ डिझाइन हाती नसते, भिंतीत किती ओल मुरली आहे हे डोळ्यांना दिसत नाही. चाचण्या न करता ‘पाहणी केली, इमारत सुस्थितीत आहे’ असे दोन ओळींचे पत्र देणे, हा या व्यवसायातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत धोक्याचा कागद आहे.

विमा घेतला की सुटका?

पूर्ण नाही. ‘प्रोफेशनल इन्डेम्निटी’ विमा व्यावसायिकाच्या चुकीमुळे ग्राहकाला द्याव्या लागणाऱ्या भरपाईसाठी असतो. पण तो बहुधा ‘दावा आला तेव्हा’ या तत्त्वावर चालतो. इमारत २०२५ मध्ये बांधली आणि दावा २०२९ मध्ये आला, तर पाहिली जाते २०२९ ची पॉलिसी. मध्ये नूतनीकरण थांबले असेल तर २०२५ चे काम उघडे पडते. निवृत्त होताना ऑफिस बंद करून पॉलिसीही बंद करणारा अभियंता आपल्या सगळ्या जुन्या इमारती विम्याबाहेर टाकतो. पॉलिसी घेताना ‘मागील कोणत्या तारखेपासूनची कामे धरली जातील’ ही ओळ हप्त्याच्या रकमेआधी वाचावी. दंड, जाणीवपूर्वक केलेली चूक आणि शिक्षा यांना विमा नसतो.

लहान शहरात अडते कुठे?

बहुतेक ठिकाणी अडते ते फीवर. घराचा खर्च ४० लाख असला तरी माती परीक्षणाचे काही हजार रुपये ‘कशाला’ वाटतात. शेजाऱ्याने केले नव्हते, त्याचे घर उभे आहे. मग इंजिनीअर अंदाजाने फुटिंग देतो. काम मिळावे म्हणून कमी फी, कमी फीमुळे साइटवर कमी फेऱ्या आणि फेऱ्या कमी म्हणून ठेकेदार ठरवेल तेच खरे. नकाशा एकाचा, मंजुरीसाठी सही दुसऱ्याची आणि प्रत्यक्ष बदल घरमालकाच्या मेहुण्याच्या सल्ल्याने, असेही घडते. काही झाले की पोलिसांच्या हाती कागद मात्र एकच लागतो. ज्यावर सही आहे तो.

यात नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेले तरुण इंजिनीअर सर्वांत जास्त सापडतात. सहीचे दोन-पाच हजार मिळतात आणि पाठीवर पन्नास वर्षांची इमारत येते.

मग करायचे काय?

व्यावसायिकांसाठी पहिली गोष्ट म्हणजे नोंद. माती परीक्षणाचा अहवाल, धरलेला वाऱ्याचा वेग, पूररेषेचा दाखला, गच्चीच्या पाण्याचा हिशेब, पाण्याची चाचणी हे सर्व प्रकल्पाच्या फाइलमध्ये हवे. दुसरी गोष्ट, मानक हा किमान आकडा आहे, कमाल नाही. मानकापेक्षा थोडी जास्त उंच प्लिंथ, थोडा मोठा पाइप, पत्र्याला जास्त बोल्ट यांचा खर्च आणि फायदा ग्राहकासमोर ठेवायचा. तिसरी, ग्राहकाने नकार दिला तर तो नकार लेखी घ्यायचा. व्हॉट्सअॅपवरचा ‘नको, खर्च वाढतो’ हा संदेशही जपून ठेवण्यासारखा असतो. मात्र जिवाला धोका असेल तिथे लेखी नकारही पुरत नाही. तिथे सही न करणे हाच मार्ग.

घर बांधणाऱ्यांनी पाच गोष्टी विचाराव्यात :

१. माती परीक्षण झाले का, आणि पाया कोणत्या खोलीवर ठरला?

२. प्लॉट नदी-नाल्याच्या पूररेषेच्या कोणत्या बाजूला आहे?

३. गच्चीचे पाणी पायापासून किती लांब सोडले जाणार?

४. काँक्रीटसाठी कोणते पाणी वापरणार, आणि उन्हाळ्यात स्लॅब असेल तर तो कोणत्या वेळी टाकणार?

५. डिझाइनवर सही कोणाची, ती व्यक्ती साइटवर किती वेळा येणार, आणि तिचा विमा आहे का?

पाचवा प्रश्न विचारताना अवघडल्यासारखे वाटेल. इंजिनीअर ओळखीचा, कधी वर्गमित्र, कधी नात्यातला असतो. ‘विश्वास नाही का?’ असेही कोणी म्हणेल. पण हा प्रश्न त्याच्याही सोयीचा आहे. साइटवरच्या फेऱ्या आणि माती परीक्षण यांचे पैसे सुरुवातीलाच ठरले, तर त्याला अंदाजाने सही करावी लागत नाही आणि पुढे भांडणही टळते.

पाऊस कसा पडेल, हे घरमालकाच्या हातात नाही, इंजिनीअरच्याही नाही. तो बदलला आहे, हे दोघांनाही ठाऊक आहे. पुढच्या वेळी मोर्णा किंवा अंबा नाला काठ सोडेल, तेव्हा तपासणाऱ्याचा प्रश्न ‘पाऊस किती झाला’ एवढाच नसेल. ‘हे माहीत असताना तुम्ही काय केले’ असा तो असेल. त्याचे उत्तर फाइलमध्ये असले पाहिजे आणि त्याआधी पायात.